औषधाच्या दोन पेट्या

मुकुटबनजवळचा तांडा
२ जून २०२५

आदरणीय सुभेदार मेजर पांढरीपांडे साहेब,

रामलाल चव्हाण, माजी हवालदार, खच्चर कंपनी, याचा जय सेवालाल आणि जय हिंद.

साहेब, तीनदा फोन केलता. तुमाले ऐकू येत नाही आणि वहिनीसाहेब म्हणतात, मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला. जे बोलाचं हाये ते मोठ्यानं बोलाचं नाही, म्हणून लिहून राह्यलो. शिवाय कंपनीत तुम्हीच सांगाचे, तोंडाचं हवेत जाते, लिहलेलं राह्यते. चुकाभूल माफ असावी, मी जसा बोलतो तसाच लिहितो.

मुकुटबनच्या एसटी स्टँडवर तुमच्या वीरस्मृती मंडळाचं पत्रक लावलं हाये. २६ जुलैले यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्यावर शहीद जवानांचा दगड उघडणार. आजवरच्या सगळ्या लढायांतले जिल्ह्याचे एकोणीस जण. खाली सचिव म्हणून तुमचं नाव. मी चष्मा लावून एकोणीस नावं दोनदा वाचली. हरिसिंग आडेचं नाव नाही.

हरिसिंग तुमाले आठवत असन. माह्याच तांड्याचा. आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो, एकाच खच्चर कंपनीत गेलो. तुम्ही यवतमाळचे म्हणून तुम्ही आमाले "माझे गाववाले" म्हणाचे. द्रासच्या खालच्या तळावरून आम्ही वर गोळे, राशन, घासलेट पोचवत होतो. २८ जुलै नव्याण्णवले तो गेला.

साहेब, दगडावर एक ओळ वाढवा. विसावं नाव. त्याची बायको मैनाबाई अजून हाये, पोरगी उज्ज्वला हाये. दुसरं काही मागत नाही.

आपला,
रामलाल चव्हाण


यवतमाळ
११ जून २०२५

प्रिय रामलाल,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहून बरं वाटलं. माझे कान गेले, पण बाकी प्रकृती ठीक आहे. रत्नप्रभाने तुझी आठवण काढली. तू आमच्या क्वार्टरवर येऊन भाकरी थापून दाखवायचास, ते ती अजून सांगते.

हरिसिंगचा विषय. रामलाल, मला तो आठवणार नाही असं होईल का? अतिशय कष्टाळू माणूस. खच्चराला आधी पाणी पाजून मग स्वतः पिणारा. पण मंडळाचा ठराव असा आहे की शत्रूच्या कारवाईत धारातीर्थी पडलेल्यांचीच नावं शिळेवर कोरायची. हरिसिंगच्या मृत्यूची नोंद अपघात अशी आहे. नोंद कशी झाली, का झाली, हा आता पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीचा प्रश्न आहे. मी एकटा ती बदलू शकत नाही. उद्या दुसरा कोणी येईल, म्हणेल माझ्या भावाचंही टाका. शिळेची किंमत मग काय राहील?

शिवाय तू त्या दिवशी प्रत्यक्ष तिथे नव्हतास. मला आठवतं, तू तापाने फणफणून तंबूत पडला होतास. ऐकीव गोष्टीवर आपण काय बोलणार?

समारंभाला मात्र अवश्य ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची राखून ठेवतो. गणवेशावरची पदकं लावून ये.

तुझा,
नीळकंठ पांढरीपांडे


तांडा
१६ जून २०२५

साहेब,

तुमचं पत्र वाचलं. पहिल्या रांगेची खुर्ची नको.

ऐकीव म्हणता. साहेब, हरिसिंगले मी धुतलं. तंबूतून उठून मीच गेलो, दुसरं कोणी हात लावाले तयार नव्हतं. छातीत तीन भोकं होती, पाठीत एक. खच्चर दरीत घसरलं तं माणसाच्या छातीत लोखंड कुठून येते? एक तुकडा तं माह्या बोटाले लागला. त्याच्या कपड्याले रमचा वास येत होता, बाटल्या फुटल्या होत्या त्याच्या अंगावर. पण त्याच्या तोंडाले वास नव्हता. मी तोंड पुसलं ना त्याचं.

पेटी बंद करून मले सोबत पाठवलं. तुम्ही मोहर लावलेला एक कागद देल्ला. म्हणाले, रामलाल, घरी दे. मी देल्ला. तांड्यावर सेवालालच्या मंदिरापुढं पेटी ठेवली होती, सगळा तांडा जमा झालता. मास्तरनं कागद मोठ्यानं वाचला. "मद्याच्या अंमलाखाली असताना खच्चरासह दरीत घसरून मृत्यू." आधी कोणालेच समजलं नाही. मास्तरनं समजावून सांगतलं, म्हणजे दारू पिऊन पडला.

तुमाले माहीत हाये काय झालं असन? जे ढोल घेऊन आलते ते ढोल घेऊन परत गेले. हरिसिंगच्या बापानं पेटीले हात नाही लावला. उज्ज्वला तेव्हा चार महिन्यांची होती. मैना भौजी तिले मांडीवर घेऊन बसली होती, ती पेटीकडं पाह्यत होती आणि तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. मले वाटलं, धक्का बसला.

त्याच्यानंतर तांड्यात कोणी पिऊन पडलं की पोट्टे म्हणतात, "हरिसिंग झाला." अजून म्हणतात. ज्याहीनं हरिसिंगले पाह्यलं नाही ते पण म्हणतात. पोरगी नर्सिंग शिकली, चांगली नोकरी करते. दोन वर्षांआधी सोयरीक ठरली होती. पोट्ट्याच्या बापाले कोणं सांगतलं कोण जाणे, तो उठून गेला. जाता जाता म्हणे, दारुड्याचं रक्त नको.

साहेब, हरिसिंग पीत नव्हता. कंपनीत रम मिळाची त्याची तो गुळासंग बदली कराचा. तुमाले हे माहीत होतं. तुमीच त्याले चिडवाचे, "आडे, तू चुकून फौजेत आलास."

मी आजवर बोललो नाही. मी तेव्हा तापानं होतो, मले काही माहीत नाही असंच सांगत आलो. पण गोळा पडला होता हे मले माहीत होतं. पहाडाच्या पलीकडून आला. मी आवाज ऐकला. मग कागदात दारू कुठून आली?

तेवढं सांगा.

रामलाल


यवतमाळ
१ जुलै २०२५

प्रिय रामलाल,

उत्तराला उशीर झाला. निमंत्रणपत्रिका, मंडप, पोलीस परवानगी, सगळं माझ्याच गळ्यात आहे.

तू जे लिहिलंस त्याने वाईट वाटलं. उज्ज्वलाच्या बाबतीत जे झालं ते तर फारच. पण मी तुला स्पष्ट सांगतो. २६ तारखेला प्रमुख पाहुणे म्हणून आपले तेव्हाचे कंपनी कमांडर, मेजरसाहेब, पुण्याहून येत आहेत. आता ब्रिगेडियर म्हणून निवृत्त आहेत, वय झालं आहे. त्यांच्यासमोर कसलाही गोंधळ होता कामा नये.

मी एक मार्ग काढला आहे. मैनाबाईंना कार्यक्रमाला घेऊन ये. दिवंगत सैनिकाच्या पत्नी म्हणून शाल, साडी आणि श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करू. चारचौघांत मान मिळेल. तांड्यातली तोंडं आपोआप बंद होतील. शिळेवर नाव नसलं म्हणून काय झालं?

आणि रामलाल, एक वडीलकीचा सल्ला. जुनी गोष्ट उकरताना आपल्या हाताला काय लागेल हे माणसाला सांगता येत नाही. कंपनीचं ड्यूटी रजिस्टर माझ्या हाताने लिहिलेलं होतं, मला ते अजून पाठ आहे. २८ जुलैला सकाळी खालच्या डेपोत खच्चर घेऊन जायची पाळी कोणाची होती? आडेची नव्हती. ज्याची होती तो तापाने आजारी असल्याचं मीच डॉक्टरला सांगितलं, आणि डॉक्टरने तंबूत येऊन पाहिलं नाही, ही कोणाची कृपा होती?

मी तेव्हा तुला वाचवलं. आता तू मला अडचणीत आणू नकोस.

नीळकंठ पांढरीपांडे


तांडा
७ जुलै २०२५

साहेब,

पाळी माही होती.

घ्या, लिहून देल्लं. आता रजिस्टर पाठ ठेवायची गरज नाही.

ताप नव्हता. २६ तारखेले लढाई जिंकल्याचं कळलं, सत्तावीसले रम वाटली. हरिसिंगनं आपल्या वाट्याची मले देल्ली. त्याले गूळ नको होता, म्हणे आज तू खुश हायेस, घे. मी माही पेलो, त्याची पेलो, आणखी कोणाकोणाची पेलो. सकाळी मले उठता येईना. हरिसिंगनं माह्या तोंडावर पाणी मारलं, मग हसला. आपल्या बोलीत भावाले हाक मारावी तसा म्हणाला, "पड तू भिया, मी जाऊन येतो." बूट पण माहेच घालून गेला, त्याचे ओले होते.

पिऊन मी पडलो होतो साहेब. कागद त्याच्या नावानं निघाला.

सव्वीस वर्षं मी हे पोटात ठेवलं. पेटी घेऊन आलो तेव्हा बोललो असतो तं माही नोकरी गेली असती. पुढं हवालदार झालो. मग पेन्शन आली. मग वाटलं आता बोलून काय. तुमच्या त्या पत्रानं मले भेव नाही वाटलं, लाज वाटली. म्हणून काल मैना भौजीकडं गेलो.

ती कपाशीत निंदत होती. मी वावराच्या धुऱ्यावर उभा राहून सगळं सांगतलं. ती खुरपं चालवतच राह्यली. कपाशीची ओळ संपेपर्यंत गेली, परत फिरली, माह्याजवळ आली.

म्हणे, "तू पिऊन पडला होता?"

मी म्हणलो, हो.

"अन् तो पेला नव्हता?"

"एक थेंब नाही."

ती खाली बसली, मातीतच. म्हणे, "पेटी तू आणली. कागद तू आणला. माह्या हातात तू देल्ला." मी पाय धराले वाकलो तं तिनं पाय मागं घेतले. म्हणे, "जाय."

मी आलो.

माहं सांगून झालं. आता तुमची पाळी हाये. त्याले खाली कायले पाठवलं होतं, आणि ते दारूचं वाक्य कोणं लिहलं?

रामलाल


यवतमाळ
१४ जुलै २०२५

रामलाल,

तुझं पत्र आल्यापासून चार दिवस मी ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरतो आहे. माझ्या मागच्या पत्राची मला शरम वाटते. जे खरं आहे ते सांगतो. मैनाबाईंना वाचून दाखव.

२८ तारखेला आपल्या तळावर वरिष्ठ अधिकाऱ्यांचं जेवण होतं. विजयाचं जेवण. मेजरसाहेबांना कमी पडेल असं काही नको होतं. रमच्या दोन पेट्या आणि काचेचे ग्लास खालच्या डेपोत होते. लढाई संपल्याचं जाहीर झालं होतं, पण पलीकडून गोळे येतच होते, म्हणून तो रस्ता दिवसा बंद ठेवायचा वरून हुकूम होता. फक्त दारूगोळा आणि औषधं न्यायला परवानगी. मेजरसाहेब मला म्हणाले, "पांढरीपांडे, चिठ्ठी बनवा." मी चिठ्ठी बनवली. "औषधं, दोन पेट्या. तातडीची."

तुझ्याऐवजी आडे आला. मी त्याला चिठ्ठी दिली. त्याला थोडं वाचता यायचं. त्याने "औषधं" हा शब्द वाचला आणि म्हणाला, "साहेब, कोणाची तब्येत जास्त हाये काय? मंग मी नाश्ता नाही करत, लवकर जाऊन येतो." मी काही बोललो नाही. तो धावतच गेला, रामलाल. मी त्याला धावत जाताना पाहिला.

परत येताना वळणावर गोळा पडला. अकराच्या सुमारास.

शत्रूच्या गोळ्याने गेला असं लिहिलं असतं तर वरून चौकशी लागली असती. बंद रस्त्यावर दिवसा कोणी पाठवलं? कशासाठी? मेजरसाहेब तंबूत येरझाऱ्या घालत होते. ते एवढंच म्हणाले, "अपघात लिहा." दारूचं ते म्हणाले नव्हते. टाइपरायटरपुढे बसल्यावर मला वाटलं, प्रेताला वास येतो आहे, डॉक्टर विचारेल, पेट्यांचं निघेल. म्हणून मी लिहिलं, "मद्याच्या अंमलाखाली असताना." ते तीन शब्द माझे आहेत. कोणी सांगितले नव्हते. मेजरसाहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

डॉक्टरने पेटी उघडायला लावली नाही. संध्याकाळचं जेवण ठरल्याप्रमाणे झालं. ग्लास दुसरीकडून आणले.

पुढच्या वर्षी मी सुभेदार मेजर झालो.

तुझा ताप मी खपवून घेतला तो तुझ्यासाठी नाही. तुझी चौकशी झाली असती तर आडे का गेला हे निघालं असतं. मी तुला वाचवलं हे खोटं आहे. मी तुला बांधून ठेवलं.

आता मी बहात्तर वर्षांचा आहे. २६ तारखेला नावं मीच वाचणार आहे. एकोणीस नावं झाली की मी विसावं वाचीन, आणि तो कसा गेला ते माइकवर सांगीन. मेजरसाहेबांच्या समोर. मैनाबाईंना आणि उज्ज्वलाला घेऊन ये. हा माझा शब्द आहे.

नीळकंठ


तांडा
२० जुलै २०२५

साहेब,

पत्र मी भौजीच्या दारात उज्ज्वलाच्या हातात देल्लं. आत जायची माही हिंमत नव्हती. उज्ज्वलानं तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा भौजी म्हणे, फक्त धावत गेला तेवढं वाच.

आम्ही तिघं येतो. भौजी माह्याशी बोलत नाही, पण गाडीत सोबत बसीन म्हणते. तिनं पेटीतून फेटिया-कांचळी काढली, लग्नातला घागरा-चोळी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. उन्हात टाकली हाये.

तुमच्या शब्दावर येतो.

रामलाल


तांडा
२८ जुलै २०२५

पांढरीपांडे,

साहेब लिहायले हात होत नाही.

आम्ही पाचच्या एसटीनं निघालो. पांढरकवड्याले गाडी बदलली. भौजीनं सगळे दागिने घातले होते, हातातल्या बलिया, पायातले घुंगरू, सगळं. यवतमाळच्या स्टँडवर लोक वळून वळून पाह्यत होते. ती मान वर करून चालली. उज्ज्वला आईकडं पाहून मले म्हणे, काका, मी याडीले असं कधी पाह्यलं नाही.

तुम्ही आमाले पाह्यलं. मंडपात शिरलो तेव्हाच पाह्यलं, मानेनं ओळख देल्ली. पांढऱ्या कपड्यातली शाळेची पोट्टी समोर, आम्ही तिसऱ्या रांगेत. मेजरसाहेबानं दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या. मग तुम्ही माइक घेतला.

एक एक नाव घेतलं. प्रत्येक नावाले बिगुल. उज्ज्वलानं भौजीचा हात धरला होता. सतरा. अठरा. एकोणीस. मग तुम्ही थांबले. कागद खाली घेतला. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. तुम्ही समोर पाह्यलं, मग खाली पाह्यलं. आणि म्हणाले, "जय हिंद."

बस.

त्यानंतर सत्कार. कोणी तरी दुसरा बोलला, "अपघातात निधन पावलेले हरिसिंग आडे यांच्या पत्नी." मले वाटलं भौजी उठणार नाही. ती उठली. घुंगराचा आवाज करत पायऱ्या चढली. मेजरसाहेब शाल घेऊन उभे होते. तिनं शाल घेतली नाही. त्यांच्यासमोरचा माइक हातानं आपल्याकडं वळवला आणि विचारलं,

"साहेब, औषध पोचलं काय तुमचं?"

मेजरसाहेब हसले. त्याहीले समजलंच नाही. हात जोडून म्हणाले, "माताजी, सब ठीक है." तिनं अजून विचारलं. "दोन पेट्या औषध आणाले माहा माणूस धावत गेलता. नाश्ता न करता गेलता. पोचलं काय?" मंडपात कुजबुज सुरू झाली. तुम्ही बाजूले उभे होते, चार पावलांवर. तुम्ही साऊंडवाल्याकडं हात केला. मी पाह्यलं. तुम्हीच केला.

राष्ट्रगीत लागलं.

आणि मी सावधान उभा राह्यलो. मंडपातले सगळे उभे राह्यले. ती स्टेजवर एकटी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता, आणि मी टाचा जोडून, मुठी आवळून उभा होतो. बावन्न सेकंद. उज्ज्वला तेवढी धावत वर गेली आणि तिले उतरवून आणलं.

तुमचा राग येते पण माहा मले जास्त येते. फौजेनं आपल्याले चांगलं शिकवलं. गाणं लागलं की हलायचं नाही.

रामलाल चव्हाण


यवतमाळ
५ ऑगस्ट २०२५

रामलाल,

हे पत्र तू फाडून टाकू शकतोस. सोबतचा कागद मात्र ठेव.

त्या दिवशी सकाळी विश्रामगृहावर मी मेजरसाहेबांना भेटलो होतो. सांगायला, की मी आज बोलणार आहे. मला वाटलं होतं ते दम देतील, किंवा हात धरून विनवतील. मी कानाचं यंत्र लावून, तयारी करून गेलो होतो. मी म्हणालो, "सर, हरिसिंग आडे." ते म्हणाले, "कोण?" मी खच्चर म्हणालो, रमच्या पेट्या म्हणालो. ते चहा ढवळत आठवत राहिले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्या माणसासाठी मी ते खोटं इतकी वर्षं सांभाळलं, त्याने ते त्याच आठवड्यात विसरून टाकलं असावं.

मग मी का बोललो नाही? त्यांची भीती उरलीच नव्हती. समोर शाळेच्या मुलांत माझी नात आभा बसली होती. माझ्यावर निबंध लिहून तिने बक्षीस मिळवलं आहे. विसावं नाव ओठांवर होतं आणि ती माझ्याकडे पाहून हसली. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण असतं तर मी सांगितलं असतं.

आणि हो, हात मीच केला.

घरी आल्यावर आभाने विचारलं, "आजोबा, त्या आजी कोणत्या औषधाचं विचारत होत्या?" मी तिला सगळं सांगितलं. रत्नप्रभा दारात उभी राहून ऐकत होती.  आभाने निबंधाची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि गेली. तेव्हापासून ती माझ्या खोलीत येत नाही.

गेल्या आठवड्यात मी प्रतिज्ञापत्र केलं. चिठ्ठी, रस्ता, गोळा, दारूचं वाक्य, माझं नाव, मेजरसाहेबांचं नाव, सगळं आहे. एक प्रत सैन्याच्या रेकॉर्डकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. एक मंडळाला दिली. मंडळाने तातडीची सभा घेतली आणि प्रकृतीच्या कारणास्तव मला सचिवपदातून मुक्त केलं. शिळेबद्दल ते म्हणाले की कोरून झालेली आहे, विसाव्या ओळीला जागा नाही. जागा आहे. मी मोजून घेतली होती.

तिसरी प्रत मैनाबाईंसाठी. त्यांना सांग, मी क्षमा मागतो. स्वतः यायला सांगितलं तर येईन.

नीळकंठ पांढरीपांडे


तांडा
२१ ऑगस्ट २०२५

नीळकंठ पांढरीपांडे यांना,

मी मैनाबाई हरिसिंग आडे सांगून राह्यली, माही पोरगी उज्ज्वला लिहून राह्यली. ती म्हणते शुद्ध करून लिहिते, मी म्हणलं नको, मी बोलतो तसंच लिह्य.

तुमचा कागद पोचला. मी नायकाले सांगून मंदिरापुढं तांडा जमवला. जिथं पह्यला कागद वाचला होता तिथंच. उज्ज्वलानं उभं राहून वाचला, तिचा आवाज नाही कापला. वाचून झाल्यावर सगळे खाली पाह्यत बसले. जे पोट्टे "हरिसिंग झाला" म्हणून हसाचे ते पण होते. एक म्हातारा म्हणे, "आता काय करता बाई, होऊन गेलं." मग लोक उठले आणि कामाले गेले. डवरणीचे दिवस हायेत.

हरिसिंगचा बाप हे ऐकाले नाही राह्यला. तो पोराचं नाव न घेता मेला.

रामलाल रोज येते आणि अंगणाबाहेर बसते. मी त्याले बस म्हणत नाही आणि जाय म्हणत नाही.

दगडाचं तुमचं तुम्ही पाहा. त्या दगडावर नाव टाकण्यासाठी मी कोणाच्या दारात जाणार नाही. ज्यानं नाव वाचलं नाही त्याच्या तोंडून आता वाचून घ्यायचं नाही. सैन्याचं उत्तर आलं तं उज्ज्वला पाह्यीन, ते तिच्या बापाचं हाये, तिले हक्क हाये. तुम्ही इकडं येऊ नका. क्षमा मागाले पण येऊ नका.

एक गोष्ट तुमाले सांगाची होती म्हणून हे पत्र.

लग्नात मी त्याले एकच मागतलं होतं. माहा बाप दारूनं गेला, म्हणून म्हणलं, तू शिवू नको. त्यानं माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. मग तुमचा कागद आला. मले वाटलं, माह्यापासून दूर गेला आणि शपथ मोडली. मी एवढी रागावली की त्याच्या पेटीजवळ बसून पण रडली नाही. तेराव्याले नाही. पोरगी पह्यल्यांदा चालली तेव्हा नाही. लोकं म्हणाचे कडक बाई हाये. मी त्याच्यासंग बोलणं टाकलं होतं. मेल्या माणसासंग. सव्वीस वर्षं त्याचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला होता.

माहा माणूस तुम्ही नाही घेतला, तो गोळ्यानं घेतला. तुम्ही माहं रडणं घेतलं.

परवा मी फोटो फिरवून सरळ केला. पुसला. उज्ज्वलाले बाहेर पाठवलं, दार लावलं आणि त्याच्यासमोर बसली. म्हणलं, आज रडून घेतो. दुपार झाली, सांज झाली. तो फोटोत पंचवीस वर्षांचा पोट्टा हाये, माह्या पोरीपेक्षा लहान दिसते. मी त्याच्याकडं पाह्यत बसली. डोळे कोरडे. काही येत नाही.

सांगणार मैनाबाई
लिहिणार उज्ज्वला